हरिहरेश्वरच्या कृष्णाबाईंचं विणकाम

२५ जानेवारी १९३४, आगरदांडा

आज बायकोने, भागूने, माझी विणलेली जाळी बांगड्यांवर घातली! माशा बसतात म्हणे. घरात गोणपाट आहे, फाटकं लुगडं आहे, परसात केळीची पानं फुकट लोंबतात. पण नाही. संक्रांतीच्या आधीपासून जिच्यापायी डोळे फोडले ती पांढरी, गोल, कडेला शिंपल्यांची नक्षी असलेली जाळी बाईसाहेबांनी पाटीवर टाकली आणि चालल्या मुरूडला मासे विकायला. परत आली तेव्हा जाळीला बांगड्यांचा वास आणि भागूच्या तोंडावर हसू. मी बोललो. तीही बोलली. तिचं जास्त झालं.

हे इथे लिहितो, कारण दुसरीकडे बोलायची सोय नाही. बोटीवर खलाशी होतो तेव्हा गोव्याच्या पेद्रू खानसाम्याने माझ्या हातात क्रोशाची सुई दिली. काम नसलं की आम्ही दोघे भटारखान्यात बसून विणायचो — झालरी, रुमाल, पेल्यावर झाकायच्या जाळ्या. मग मुंबईच्या धक्क्यावर बोट आणि दगड यांच्यामध्ये माझा पाय सापडला. एक पाय आखूड घेऊन गावी आलो आणि लोकांची फाटकी जाळी सांधायला बसलो. मासे धरायची जाळी सांधणारा कोळी — ठीक. पेल्यावरची जाळी विणणारा कोळी — शेजारच्या काळूरामला कळलं तर इथपासून दिघीपर्यंतची प्रत्येक होडी हसेल! म्हणून दार लोटून विणतो. कोणाची चाहूल लागली की मांडीवर मोठं जाळं ओढून घेतो.

पेद्रूची एक गंमत होती. मी काही पुरं केलं की तो कोपरा चिमटीत धरायचा, उजेडात न्यायचा आणि विचारायचा — हा वळवला कसा? तेवढ्यासाठी विणायचो मी. पेद्रू दोन वर्षांमागे तापाने गेला. आता विचारणार कोण? भागू? तिने बांगड्यांवर घातली!

२७ जानेवारी

हसण्याचं कारण आज कळलं. मुरूडच्या वकिलीणबाई, मनुबाई — त्यांनी पाटीवरची जाळी पाहिली. मासे राहिले बाजूला. कोणी विणली? भागूने सांगितलं, मीच विणली.

मी म्हटलं, खोटं का बोललीस? तर मला म्हणते, "नवरा इनतो म्हनून सांगू? चालंल तुमाला?"

उठून दार लोटून आलो.

तर मनुबाईंनी तिला आपल्या मंडळात बोलावलं आहे. भगिनी हस्तकला मंडळ. दर महिन्याचा पहिला शनिवार. बायका जमतात, आपापलं विणलेलं-भरलेलं एकमेकींना दाखवतात. "आमचं दार सगळ्या थरांतल्या भगिनींना उघडं आहे," असं म्हणाल्या म्हणे. मासे घ्यायच्या वेळी तेच दार वीतभर उघडतं, तेवढ्यातून हात बाहेर येतो आणि घासाघीस करतो, हे भागूने आपणहून सांगितलं.

नको जाऊस म्हणायला तोंड उघडलं होतं. पण मग मनात आलं — माझी जाळी जाईल. विणणाऱ्या दहा जणी ती हातात घेतील. त्यातली एखादी तरी कोपरा चिमटीत धरेल.

म्हटलं, जा.

३ फेब्रुवारी, शनिवार

सकाळपासून भागूला पढवत होतो. सूत कुठलं, सुई कितीची, साखळी कशी धरली. ती भाकरी थापत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

संध्याकाळी आली. तिच्याकडून एकेक गोष्ट काढून घ्यायला माशाच्या पोटातली गाभोळी काढण्यापेक्षा जास्त जपावं लागतं! मिळालं ते असं: बाकीच्या भगिनी सतरंजीवर, भागूला दाराशी वेगळी चटई. चहा सगळ्यांना कपबशीतून, भागूला कान तुटलेल्या कपातून. मनुबाईंनी स्वदेशीवर भाषण केलं आणि मग विलायती रीळ उलगडून विणायला बसल्या. एकीने लोकरीचा कानटोपा आणला होता. कानटोपा! मुरूडात! इथे माघातसुद्धा अंगाला घाम सुटतो. ते पोर टोपीत शिजेल.

नीराबाई म्हणून मास्तरांच्या घरच्या आहेत, त्या मण्यांचे पोपट करतात. दुसरं काही करत नाहीत. तोरणाला पोपट, पंख्याला पोपट, बोळक्याला पोपट.

मग माझी जाळी फिरली. सगळ्या म्हणाल्या, भागुबाई, विणून दाखवा ना! मी इथे ऐकताना घामाघूम. भागूने काय केलं? म्हणाली, "मला देवीचा नवस हाय. चारचौघींत सुई धरायची न्हाय."

मनुबाईंनी लगेच सगळ्यांना समजावून दिलं की ही कोळी लोकांची जुनी चाल आहे! माझ्या आजाला, पणज्याला कोणाला ही चाल माहीत नव्हती. मनुबाईंना आहे. शिकलेल्या माणसांचं बरं असतं.

मी विचारलं, कोपरा कोणी पाहिला? वळवला कसा ते विचारलं कोणी?

"कोनतरी म्हनलं, ब्येस हाय."

बेस! इतके दिवस डोळे फोडले, आणि बेस!

मंडळात एक पद्धत आहे. प्रत्येकीने दुसरीचं एक काम महिनाभर घरी न्यायचं, पाहायचं, शिकायचं आणि परत करायचं. माझी जाळी नीराबाईंनी नेली. आमच्याकडे पोपट आला. कोनाड्यात बसून माझ्याकडे बघतो आहे.

२० फेब्रुवारी

पोपटाचा एक डोळा पडला. मी हात लावलेला नाही.

४ मार्च

काल दुसरं मंडळ. नीराबाईंनी माझी जाळी परत केली, वर हळदीचा डाग. आणि भागूने या खेपेला जे घरी आणलं ते पाहून मला पोपटाची आठवण आली. बिचारा देखणा होता.

क्रोशाचा चौकोन आहे. म्हणजे चौकोन करायचा बेत असावा. कोपरे पाच! मी मोजले, उलटा धरून पुन्हा मोजले. मधे एक भोक, त्यातून माझा अंगठा जातो. कड अशी की वर पेला ठेवला तर पेल्यालाच भोवळ येईल.

कोणाचं म्हणून विचारलं. भागू मासे साफ करत होती. म्हणाली, "हरिहरेश्वरच्या कृष्णाबाईचं. नवी हाय. स्वोता न्हाय येत. दिघीवरनं तरीत घालून धाडते."

मग मला राहवेना. हिने सुई धरली होती का कोयती? डोळे मिटून विणते का? घरात वाकडं बघायला कोणी नाही म्हणून हे दिघीची खाडी ओलांडून आमच्याकडे धाडलं का? बरेच दिवसांनी पोटभर हसलो. कालवणात मीठ इतकं पडलं होतं की मिठागरात जेवतोय असं वाटलं.

१९ मार्च

सुताचं रीळ जरा लवकर संपतं आहे. उंदीर असावेत. आगरदांड्याचे उंदीर सुकट सोडून दोरा खायला लागले, म्हणजे कलियुगच.

८ एप्रिल

कृष्णाबाईच्या चौकोनाला चार कोपरे आले! अभिनंदन. पण टाके असे आवळलेत की सगळं आत वळून वाटी झाली आहे. मी भागूला म्हटलं, या बाईला सांग, तो क्रोशाचा दोरा आहे, नांगराचा दोर नव्हे. हात सैल सोड. आणि ओळ संपली की वळायच्या आधी एक साखळी जास्त घे.

"सांगते," म्हणाली. मग विचारलं, "येकच?"

म्हटलं, एकच. तुला काय करायचंय? तू निरोप सांग.

तरी वाटलं, निरोप सांगण्यात भागू काहीतरी सांडणार. म्हणून मीच एक लहानसा नमुना विणला — अर्धा आवळून, अर्धा सैल — म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. तो कृष्णाबाईला पोचवायला दिला. एवढं मी कोणासाठी करत नाही. पण पाच कोपऱ्यांवरून चारवर येणारी बाई अगदीच टाकाऊ नसावी.

६ मे

काल तिसऱ्यांदा आलं. सपाट! पाटावर ठेवलं तर पाटासारखं. कडेला माझी शिंपल्यांची नक्षी, मी मंडळात पाठवलेल्या जाळीवरून उचललेली. चोरी म्हणावी तर तिने प्रत्येक शिंपल्याच्या मधे एक बारीक टाका स्वतःचा घातला आहे. आणि तो शोभतो. मी तो उजेडात धरून किती वेळ पाहत बसलो कोण जाणे. कालवण उतू गेलं.

नमुना पोचला होता तर. समजला होता तर. म्हणजे मी इथे एक टाका घालतो आणि खाडीपलीकडे कोणीतरी तो वाचतं! पेद्रू गेल्यापासून असं झालं नव्हतं. मला आनंद झाला, लिहून टाकतो. दुसरं कोण वाचणार आहे?

भागूला म्हटलं, या कृष्णाबाई बऱ्या दिसतात. भागू म्हणाली, परवा तर कोयती म्हनत व्हता. म्हटलं, माणूस सुधारतं.

मंडळाची बाकी खबर: कानटोप्यावाल्या बाईंनी आता पायमोजे विणायला काढले आहेत.

३ जून

होड्या ओढल्या, शाकारल्या. आता नारळी पुनवेपर्यंत सगळे तांडेल, सगळे खलाशी रिकामे. आणि रिकामा माणूस आगरदांड्यात कुठे जातो? माझ्या पडवीत! सकाळपासून काळूराम पाय पसरून बसतो, माझा चहा पितो आणि वारा कसा आहे ते मला सांगतो. मला वारा कळत नाही जणू.

आज त्याच्या हाताला गोणपाटाखालची नवी झालर लागली. म्हणाला, हे काय? म्हटलं, भागूचं. मग काय! झालर गुडघ्यावर पसरून काळूराम म्हणाला, "वयनीच्या हातात जादू हाय, हिरामनदादा. तुमाला जल्मात असं जमायचं न्हाय."

माझं कौतुक, माझ्या घरात, माझा चहा पिऊन — आणि बायकोच्या नावाने! भागू चुलीपाशी होती. पाठमोरी. खांदे हलत होते.

मंडळ काल होतं, पण पावसाने रस्ता बुडाला, भागूच गेली नाही.

८ जुलै

काल आलेलं काम समोर आहे. सबंध दिवस दुसरं काही केलं नाही.

पापलेट आहे. चौकटी चौकटींच्या जाळीत विणलेलं पापलेट. तोंड मिटलेलं, डोळा एकच आणि नेमका हवा तिथे, शेपटीची दोन टोकं लांबट. खवल्यांना जो टाका घातला आहे तो मला येत नाही. मला येत नाही! पेद्रूलाही येत नव्हता. मी सूत घेऊन तो करायला बसलो, सात-आठ वेळा उसवला. शेपूट कुठून वळवली तेच सापडत नाही.

भागूला म्हटलं, कृष्णाबाईंना विचारून घे, शेपूट कशी वळवली. तर म्हणते, "मला काय म्हाईत? मी मासं इकते."

मी तुला नाही विचारलं, त्यांना विचार म्हटलं! ही बाई म्हणजे —

एक गोष्ट मात्र मनात आली. हरिहरेश्वरच्या कृष्णाबाई म्हणजे देवळाजवळच्या, भटाच्या घरच्या असणार. त्यांना पापलेट इतकं बारकाईने कसं ठाऊक? मग उलगडलं. देवळामागेच समुद्र आहे. खडकावर उभ्या राहून पाहत असतील. कलावंताची नजर वेगळीच. हे भागूला सांगितलं. ती "आसंल" म्हणाली.

२२ जुलै

कृष्णाबाई कशा असतील? हात मऊ असणार. आमच्या घरातल्यासारखे खवल्यांनी आणि मिठाने भेगाळलेले नसणार. आवाज हळू. अशा माणसापाशी बसावं, दोघांच्या मधे सुताचं रीळ, आणि एकमेकांना विचारावं. बाकी काही नाही. विणणाराला विणणाराची भूक असते, ती ज्याला नाही त्याला सांगून कळायची नाही. भागूला तर नाहीच.

५ ऑगस्ट

नवा नमुना आला. शेपटीचाच, पण चार तुकड्यांत — एकेका तुकड्यात एकेक पायरी. म्हणजे मला शिकवायला विणला आहे! आज शेपूट वळली माझ्याकडून.

भागू भांडी घासता घासता म्हणाली, कृष्णाबाई लई मनात भरली वाटतं. मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस, कलेतली गोष्ट आहे. "व्हय," म्हणाली, "कलेतलीच." आणि तवा असा घासला की शेजारी ऐकू गेलं.

बायकांना मत्सर फार. आणि तोही अशा गोष्टीचा की जिच्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही.

२५ ऑगस्ट

काल नारळी पुनव. नारळ वाहिले, होड्या नटल्या, काळूराम नाचता नाचता पाण्यात पडला. समुद्र उघडला. गौरी-गणपती झाले की त्याचा मचवा बागमांडल्याला जाणार आहे नारळ भरायला. बागमांडल्याहून हरिहरेश्वर किती लांब? हाकेच्या अंतरावर.

कित्येक वर्षं देवाला गेलो नाही. जायला हवं.

१६ सप्टेंबर

भागूला सांगितलं, देवदर्शनाला जातो. मला वाटलं वाद होईल. तिने नवं धोतर काढून दिलं. भाकऱ्या बांधल्या, वर सुक्या जवळ्याची चटणी. म्हणाली, "कृष्णाबाई भेटली तर माजा नमस्कार सांगा."

मी म्हटलं, कोण कृष्णाबाई? अच्छा, त्या! बघू, वेळ मिळाला तर.

१८ सप्टेंबर, हरिहरेश्वर

धर्मशाळेत बसून लिहितो. अंग ठणकतं आहे.

देवाचं दर्शन झटपट उरकलं आणि चौकशीला लागलो. क्रोशाचं काम करणाऱ्या कृष्णाबाई कुठे राहतात? जाळी पिशवीत होतीच, ओळख पटवायला.

पहिल्या कृष्णाबाई देवळाच्या आवारात वाती वळत होत्या. दात नाहीत, कान नाहीत. मी जाळी पुढे धरली. त्यांनी घेतली, नाक पुसलं आणि आशीर्वाद दिला.

दुसऱ्या कृष्णाबाई अंगणात मातीची भांडी मांडून खेळत होत्या. मला मातीचा भात वाढला. खाल्ल्याचं सोंग केलं तर म्हणाल्या, आणखी हवा का?

तिसऱ्या कृष्णाबाईंचं घर सारवलेलं, ओटी स्वच्छ, बाई मध्यम वयाच्या, गोऱ्या. म्हटलं, याच त्या! मी दारात उभा राहून म्हटलं, बाई, आपलं पापलेट पाहिलं आणि वेड लागलं. भटाच्या दारात! एवढं बोलून पुढचं सुचेपर्यंत त्यांनी पुतण्याला हाक मारली. पुतण्या दांडका घेऊनच आला. आखूड पायाने उतारावर पळणं ही स्वतंत्र विद्या आहे, ती मला आज आली.

चौथी कृष्णाबाई गावात नाही. क्रोशाची सुई पाहिलेलं एकही माणूस गावात नाही. पानाच्या दुकानदाराने सुई कान कोरायची आहे का म्हणून विचारलं.

मग हे सगळं विणतं कोण?

२१ सप्टेंबर, आगरदांडा

मचव्यात सगळा वेळ एकच विचार. भागूला कोण देतं ते काम? मुरूडात कोणी आहे का? कोणी पुरुष? मी तिला विचारायचं तरी कसं? सव्वीस वर्षांच्या संसारात ती बाजारातून किती वाजता येते हेसुद्धा मी कधी पाहिलं नाही. या उन्हाळ्यापासून उशिरा येते, हे मात्र आज मचव्यात आठवलं.

घरी आलो. चहा दिला. समोर बसून म्हणाली, "भेटली का?"

खरं सांगायचं म्हणजे तीन कृष्णाबाया, नाक पुसलेली जाळी आणि दांडका सांगायचा. ते माझ्याने होईना. आणि मनात होतं, बघू हिचा चेहरा पडतो का. म्हटलं, भेटल्या तर!

"कशी हाय?"

एकदा माझी जीभ सुटली की नांगर टाकूनही थांबत नाही. सांगितलं, ओटीवर झोपाळा आहे. पितळी कड्यांचा. त्यावर मांडी घालून बसतात आणि विणतात. अंगणात गाय आहे, तिच्या गळ्यात घंटा. मला पाहिल्याबरोबर ओळखलं. वर बसायला सांगितलं नाही, ते बरोबरच, पण खाली पाट दिला.

"आनि काय म्हनली?"

म्हटलं, म्हणाल्या की तुमच्या हातासारखा हात नाही पाहिला.

भागूने मान हलवली. चेहरा काही पडला नाही. कप उचलला आणि मासे खवलायला गेली. खवलं जरा लांब उडत होती, बस्.

७ ऑक्टोबर

काल मंडळ. मनुबाईंच्या मनात आता प्रदर्शन भरवायचं आहे, नीराबाई त्यासाठी माणसाएवढा पोपट करताहेत. हे सांगून झालं आणि भागूने पिशवीतून घडी काढली. कृष्णाबाईचं, म्हणाली. आणि पाणी आणायला गेली.

मी घडी उलगडली.

चौकटी चौकटींची जाळी, हातभर लांब. एवढं मोठं काम याआधी आलं नव्हतं. डाव्या बाजूला गाय. गळ्यात घंटा. मधे ओटी. ओटीवर झोपाळा, चारही कड्या वेगळ्या सोडवलेल्या, खरोखर लोंबताहेत. झोपाळ्यावर बाई मांडी घालून बसली आहे, हातात सुई. खाली पाटावर एक बाप्या. त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा दोन चौकटी आखूड.

पहिल्यांदा पाहिलं ते काम. कडीचा वळसा पाहिला, तो कसा घातला असेल ते बोटांनी हवेत करून पाहिलं. मग हसू आलं, बाप्याची बसण्याची ढब माझीच म्हणून. आणि मग बोट झोपाळ्यावर थांबलं.

हरिहरेश्वरात झोपाळा नाही. गाय नाही, घंटा नाही, पाट नाही. तो झोपाळा मी इथे, या पडवीत, चहा पिता पिता रचला. ऐकायला एकच माणूस होतं.

उंदीर म्हणे! आणि मासे विकणाऱ्या बाईला सोडून पापलेट कोणाला पाठ असणार? मी खडकावर भटीण उभी केली. आणि कोयती म्हणालो, नांगराचा दोर म्हणालो, डोळे मिटून विणते का म्हणालो — तिच्या तोंडावर, ती समोर मासे कापत असताना, पोट धरून हसत हसत. मऊ हात म्हणालो, ते निदान या पानावरच राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे. त्यातच मधून मधून इतका आनंद होतो की उठून उभा राहतो आणि पुन्हा बसतो.

भागू पाणी घेऊन आली. मी घडी कोनाड्यात ठेवली. तिने ताट वाढलं. जेवलो.

८ ऑक्टोबर

सकाळी भागू पडवीत चटई टाकून बसली. दार उघडं, रस्त्यावरून माणसं जाताहेत, आणि हातात सुई. मी जवळ जाऊन झोपाळ्याची कडी चिमटीत धरली. म्हटलं, भागू, ही वळवलीस कशी?

मान वर न करता म्हणाली, "माजं म्हनून दावलं असतं, तर ब्येस म्हनून मोकळं झाला असता. कृष्णाबाईला तुमी खरं सांगितलंत. तुमी शिव्या घालत व्हता, मी उसवत व्हते."

समोरून काळूराम येताना दिसला. मी मोठं जाळं ओढलं नाही. स्वतःची सुई काढली.

भागू सरकली, चटईवर जागा केली. "बसा," म्हणाली. "पन बोलू नका."